कोणती चावी, ताई

कारखान्यात मला सगळे सिस्टर म्हणत. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी मी ‘सिस्टर जी’ होते, आणि घरी वडिलांसाठी बाळी. ताई म्हणणारा आयुष्यात एकच माणूस भेटला.

कारखाना झाशीच्या बाहेर होता. मोठ्या ट्रान्सफॉर्मरना लागणारे पत्र्याचे भाग तिथे तयार होत. पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची, वेल्डिंग करायचं, रंगवायचं. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला माझी खोली. एक खाट, एक कपाट, हात धुवायचं बेसिन आणि दारावर प्रथमोपचाराची पाटी. नर्सिंगचं शिक्षण संपवून मी तिथे लागले तेव्हा कपाटात आयोडीन, कापूस आणि डोकेदुखीच्या गोळ्या एवढंच होतं.

झाशीचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला पत्र्याच्या शेडखालचं मे महिन्याचं काम समजावून सांगता येणार नाही. प्यायचं पाणी छतावरच्या टाकीतून यायचं, दुपारी त्याचा चहा करता आला असता. माणसं भोवळ येऊन पडत. त्यांना उचलून माझ्या खाटेवर आणत, मी मीठ-साखरेचं पाणी पाजायची, आणि तासाभराने सुपरवायझर दारात उभा राहून विचारायचा, “सिस्टर जी, हो गया?” वेल्डरांचे डोळे सुजले की ते कच्च्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून रात्र काढत आणि सकाळी पुन्हा कामावर येत. मी चष्म्यांसाठी दोनदा मालकांकडे गेले. ते म्हणाले, “देते हैं तो ये लोग पहनते नहीं.” दिले कधीच नव्हते.

मग तो आला. पुण्याचा, इंजिनिअर, नवा वर्क्स मॅनेजर. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. पहिल्याच दिवशी सगळा कारखाना फिरून तो शेवटी माझ्या खोलीत आला आणि माझं आडनाव ऐकून थबकला.

“तुम्ही मराठी?”

“हो जी,” मी म्हटलं.

तो हसला. “हो जी! हे कुठलं मराठी?”

“इथलंच. आम्ही सात-आठ पिढ्या इकडेच आहोत. आधी गुरसरायला, मग झाशीत.”

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. मॅनेजर माझ्या खोलीत बसण्याची ती पहिलीच वेळ. “ताई,” तो म्हणाला, “मला इथे काय काय नाही ते सांगा. सगळं सांगा.”

मी सांगितलं. पाणी, पंखे, चष्मे, बूट, महिन्यातून एकदा तरी डॉक्टर. तो ऐकत राहिला. मध्ये मी ‘बुखार’ म्हटलं तेव्हा तेवढं त्याने सुधारलं. “ताप म्हणा, ताई. बुखार काय.” मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. घराबाहेर माझं मराठी सुधारणारं कोणी मला कधी भेटलंच नव्हतं.

आणि त्याने सगळं केलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ते खरं होतं. दोन महिन्यांत थंड पाण्याचं मशीन आलं. शेडच्या भिंतीत मोठे पंखे बसले. चष्मे आले, हातमोजे आले, पुढे लोखंडी टोपी असलेले जाड बूट आले. दर महिन्याला डॉक्टर येऊ लागले. प्रत्येकाची छाती, डोळे, कान तपासले जाऊ लागले. एका पेंटरला दमा निघाला तर त्याने त्याला रंगकामातून काढून स्टोअरमध्ये बसवलं, पगार तोच ठेवून. सगळ्यात जास्त भीती ज्या यंत्राची, त्या पॉवर प्रेसला त्याने दोन बटणं बसवून घेतली. चालवणाऱ्याचे दोन्ही हात त्या दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली यायचीच नाही. म्हणजे हात आत असताना ती पडणं शक्यच नव्हतं. जुनं पायाचं पेडल होतं तसंच राहिलं, पण ते चावीने बंद केलं आणि चावी स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली.

सोमवारी सकाळी तो सगळ्यांना शेडसमोर उभं करून बोलायचा. हिंदी त्याचं जरा अडखळतं होतं, पण मनापासून बोलायचा. मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं, माणूस दुरुस्त होत नाही. तुम्ही या कारखान्याची संपत्ती आहात. संपत्ती सांभाळायची असते. मालकांनाही त्याने हेच पटवलं होतं, फक्त वेगळ्या भाषेत: माणसं आजारी पडली नाहीत की खाडे होत नाहीत, खाडे झाले नाहीत की माल वेळेवर निघतो, माल वेळेवर निघाला की पुढची ऑर्डर. मालक हिशेब समजणारे होते. त्यांना पटलं. मलाही पटलं. वाटलं, दयेपोटी दिलेलं उद्या काढून घेतील. फायद्यासाठी दिलेलं टिकेल.

रविवारी तो आमच्या घरी येऊ लागला. दतिया गेटजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. आई गेली होती, मी आणि वडील दोघंच. वडील तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून. त्यांचं मराठी त्यांच्या आईकडून आलेलं, जुनं, जपून ठेवलेलं. बोलायला माणूस नाही म्हणून ते माझ्याशी बोलत, आणि मी निम्मं हिंदीत उत्तर देई. पहिल्या दिवशी ते त्याला म्हणाले, “अंमळ बसा, चहा ठेवते ही.” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “अंमळ! ताई, हा शब्द मी फक्त पुस्तकात वाचलाय.” वडिलांचा चेहरा असा काही उजळला की मी आत जाऊन विनाकारण भांडी हलवत बसले.

त्याचा स्टोव्ह धड नव्हता, जेवण मेसचं. मी त्याला जेवायला घालायची. त्याची सख्खी बहीण लांब होती. भाऊबीजेला तो आपण होऊन आला, पाटावर बसला, मी ओवाळलं. माझ्या पाठीवर भाऊ नव्हता. त्या दिवशी वडिलांनी ठेवणीतली टोपी काढून घातली होती.

एका रविवारी तो वडिलांना आपली ती संपत्तीची गोष्ट सांगत होता. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “संपत्ती म्हटली की ती कोणाच्या तरी नावावर असते. ही माणसं कोणाच्या नावावर चढवलीत?”

तो मोठ्याने हसला. “काका, तुम्हाला सगळीकडे सातबारा दिसतो.”

सातबारा म्हणजे काय ते वडिलांना ठाऊक नव्हतं. आमच्याकडे खतौनी. त्याने समजावून सांगितलं आणि बोलणं त्यावरच गेलं. वडिलांचा प्रश्न तिथेच राहिला, आणि मलाही तो तेव्हा म्हाताऱ्या कारकुनाचा खोडसाळपणा वाटला.

प्रेसवर चिरगाँवचा एक माणूस काम करायचा. रोज बसने येई-जाई. तिशीतला, बारीक, बोलका. हात इतका सफाईदार की सुपरवायझर अवघड काम त्यालाच देत. त्याच्याशी माझं कायम भांडण, कारण तो कंपनीने दिलेले बूट घालायचा नाही. चपलांवर यायचा. एकदा मी त्याला प्रेसवरून उठवून खोलीत आणलं आणि विचारलं, “जूते कहाँ हैं?”

“घरै धरे हैं, सिस्टर जी. कपड़े में लपेट के.”

“घर पे क्यों? क्या वो घर के लिए दिए हैं?”

“इतने अच्छे जूते हैं,” तो म्हणाला. “शादी-ब्याह में पहनते हैं.”

मला हसू आलं, पण मी मॅनेजरकडे तक्रार केली. म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर बोला त्याला, म्हणजे बाकीचेही घालतील. तो बोलला. दुसऱ्या दिवसापासून चिरगाँवचा तो माणूस बूट घालून येऊ लागला. माझ्या दारावरून जाताना मुद्दाम पाय आपटत जायचा.

त्या वर्षी होळीनंतर मोठी ऑर्डर आली. माल दिवाळीच्या आधी द्यायचा म्हणून आलेली ऑर्डर गिऱ्हाइकाने अचानक पावसाळ्याच्या आधी मागितली. मालक रोज कारखान्यात येऊन बसू लागले. सोमवारचं भाषण बंद झालं. मी फेरी मारताना पाहिलं तर चिरगाँववाला प्रेसवर पेडल मारत होता. दोन्ही हात पत्र्यावर, पाय पेडलवर. प्रेस खटाखट पडत होती.

मी त्याला हटकलं. तो म्हणाला, “साब ने खुदई चाबी घुमाई है. बटन से टेम लगत है.”

मी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याने मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला.

“ठाऊक आहे, ताई,” तो म्हणाला. “आठवडाभराचा प्रश्न आहे. ऑर्डर निघाली की मी स्वतः चावी फिरवून बंद करतो.”

“आठवडाभरात हात जायचा असेल तर जाईलच ना.”

“तो माणूस तयार आहे. त्याच्याइतका सावध माणूस आपल्याकडे नाही.”

“मग बटणं कशाला बसवली होती?”

त्याने आलेला चहा माझ्याकडे सरकवला. नंतर म्हणाला, “ताई, मालक माझ्या डोक्यावर बसलेत. तुम्ही तरी समजून घ्या.” मी म्हटलं, मला समजतं, पण आजच बंद करा. तो म्हणाला, बघतो. दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. तेव्हा तो केबिनमध्ये नव्हता. मालकांबरोबर बाहेर गेला होता.

त्याच दुपारी ते झालं.

आधी प्रेसचा आवाज थांबला. त्या शेडमधला तो आवाज थांबणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी पोचेपर्यंत लोकांनी त्याला जमिनीवर बसवलं होतं. तो ओरडत नव्हता. डाव्या हाताने उजवं मनगट धरून नुसता बघत होता. बोटं राहिली नव्हती. जे प्रेसमध्ये होतं ते जोडण्यासारखं नव्हतं. मी हात वर धरला, दाबून बांधला, त्याला जीपमध्ये घातलं आणि सोबत बसले. जीप शहराकडे निघाली तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

“सिस्टर जी, हाथ पूरो गओ का?”

“हाथ है,” मी म्हटलं. “उँगलियाँ गई हैं. अंगठा है.”

“अंगूठा है,” तो म्हणाला, जणू मी मोठी बातमी दिली. मग थोड्या वेळाने, “पत्ता टेढ़ो हतो. सीधो कर रए ते. पाँव धर गओ.”

पत्रा वाकडा बसला होता, तो सरळ करायला हात आत गेला आणि पाय सवयीने पेडलवर पडला. एवढंच. दोन बटणं चालू असती तर तो आज त्याच हाताने जेवत असता.

चार दिवसांनी संध्याकाळी मॅनेजर आमच्या घरी आला. वार रविवार नव्हता. वडील खूश झाले. त्यांना मी अपघाताचं सांगितलं होतं, पण चावीचं सांगितलं नव्हतं. ते आपली पोथी बाजूला ठेवून म्हणाले, “या, या. आज वाट चुकलात?” त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. दोघं बोलत बसले. मी चहा करायला आत गेले तर तो मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“ताई, फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत. तुम्हालाही बोलावतील.”

“बोलावू देत.”

“मी तुम्हाला खोटं बोला असं म्हणणार नाही.” त्याचा आवाज खाली होता आणि त्याचं ते स्वच्छ, गोड मराठी. “तुम्ही नर्स आहात. मशीनचं तुम्हाला काही माहीत असण्याचं कारण नाही. तेवढंच सांगायचं. जखम कशी होती, तुम्ही काय केलंत, ते सांगा. तुमचं काम तुम्ही उत्तम केलंत.”

“आणि तो?”

“त्याची सोय मी केलीय. मालकांकडून शब्द घेतलाय. गेटवर कायमची नोकरी. घरचा खर्च, दवाखाना, सगळं. पण कारखान्यावर ठपका आला तर ऑर्डर जाईल. मग त्याला गेटवर बसवायला गेट तरी राहील का? आणि बाकी सगळ्यांचं काय?” तो थांबला. “तो नियम पाळणारा नव्हता, ताई. बुटांची तक्रार तुम्हीच केली होती.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. मला वाटलं होतं की बुटांचं ते बोलणं आम्हा दोघांतलं होतं, थट्टेतलं.

“आणि चावी?” मी विचारलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच काही आठवत नसावं असा चेहरा होता.

“कोणती चावी, ताई?”

मग तो बाहेर गेला, वडिलांजवळ बसून चहा प्यायला, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि निघाला.

इन्स्पेक्टर आले ते वयस्क, शांत गृहस्थ होते. मालकांच्या केबिनमध्ये बसले होते. एका बाजूला मालक, एका बाजूला मॅनेजर. मला उभ्या-उभ्याच विचारलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. प्रेस पेडलवर चालत होती. मी हटकलं. मॅनेजर साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आठवडाभर चालवायची आहे, मग स्वतः चावीने बंद करतो.

मॅनेजर टेबलाच्या काचेकडे बघत होता. मध्ये एकदाही बोलला नाही.

इन्स्पेक्टरांनी चिरगाँववाल्याला आत बोलावलं. हात गळ्यात बांधलेला. त्याची बायको दारापाशी उभी राहिली, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. त्याच्या अंगात नवा शर्ट होता आणि पायांत कंपनीचे बूट.

“पेडल किसने चालू किया?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

“हमने, साब,” तो म्हणाला. “हमाई गलती हती. साब की टेबल से चाबी हमने खुदई उठा लई ती. साब हते नईं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “सिस्टर जी, आपने साहब को चाबी घुमाते अपनी आँख से देखा?”

“नहीं. लेकिन साहब ने मुझसे कहा था.”

तेव्हा मॅनेजर पहिल्यांदा बोलला. सौम्यपणे, जरा संकोचल्यासारखा.

“सर, सिस्टर से मेरी बात मराठी में हुई थी. मैंने शायद कहा होगा कि मैं पता करके बंद करवाता हूँ. समझने में फ़र्क रह गया होगा. इनकी मराठी, आप तो जानते हैं, यहाँ की है. घर की मिली-जुली बोली.”

मालक हसले. इन्स्पेक्टरही किंचित हसले, वाईट हेतूने नव्हे. त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. मी तिथे उभी होते. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, ना इथलं मराठी, ना हिंदी. त्याने मला सिस्टर म्हटलं होतं. हे मला त्या वेळी नाही, खोलीत परत येऊन हात धुताना लक्षात आलं.

घरी जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. चावी, पेडल, बोटं, इन्स्पेक्टर, शेवटचं ते वाक्यही. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तो असं म्हणाला? आपलं मराठी मिळवणीचं आहे म्हणून?”

“हो.”

“मला म्हणाला होता, काका, तुमच्यासारखं मराठी पुण्यातही कोणी बोलत नाही.”

मी थांबले. वाटलं, आता ते त्या माणसाच्या हाताचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. रात्री जेवताना ते पुन्हा म्हणाले, “असं बोलायला नको होतं त्याने.” भाषेचं त्यांना लागलं होतं, बोटांचं नाही. मला त्यांचाही राग आला, आणि ते म्हातारे होते म्हणून तो गिळावा लागला. पुढच्या रविवारी ते सकाळपासून आवरून बसले. कोणाची वाट बघतोय असं त्यांनी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. काही महिने असंच चाललं.

कारखान्यात मला कोणी काही बोललं नाही. तीच तर गंमत. कोणी ओरडलं नाही, पगार कापला नाही. फक्त माझ्या खोलीत लोक यायचे बंद झाले. बोट चिरलं तर आपलं आपणच चिंधी बांधत. सिस्टरकडे गेलं की साहेबांच्या डोळ्यांवर येऊ, एवढंच त्यांना कळलं होतं. एक वेल्डर सुजलेले डोळे घेऊन गेटबाहेर बसलेला मी पाहिला, बटाट्याच्या चकत्या लावून. मी आत ये म्हटलं तर म्हणाला, “ठीक है, सिस्टर जी, कुछ नहीं हुआ.” अशा रीतीने कारखान्यात जखमा होणं बंद झालं. मालकांच्या इतरही शहरांत कारखाने होते. त्या सगळ्यांत सुरक्षिततेची ढाल त्या वर्षी आमच्या कारखान्याला मिळाली. शेडमध्ये समारंभ झाला. मॅनेजरने भाषण केलं, त्याचं हिंदी तोवर चांगलंच सुधारलं होतं. तुम्ही आमची संपत्ती आहात, तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिरगाँववाला गेटवर बसला होता, खाकी शर्टात, त्याने टाळी वाजवली नाही. त्याला ती वाजवता येत नव्हती.

प्रेसचं पेडल मात्र कायमचं काढून टाकलं. ते काम झालं, हेही सांगितलं पाहिजे.

वर्षभराने कारखान्याने माझी खोली बंद केली. शहरातल्या एका डॉक्टरांशी करार झाला, काही झालं तर जीपने तिकडे न्यायचं. मला व्यवस्थित निरोप दिला, शाल दिली. मॅनेजरने ती माझ्या खांद्यावर घातली. “तब्येत सांभाळा,” तो म्हणाला. त्यानंतर काही दिवसांनी त्याची मोठ्या जागेवर बदली झाली असं कानावर आलं. निघण्याआधी तो वडिलांना भेटायला येईल असं मला एकदा वाटून गेलं. आला नाही. वडील गेले तेव्हा कोणीतरी त्याला कळवलं असावं. त्याचं पत्र आलं, अगदी शुद्ध मराठीत. मी ते पूर्ण वाचलं नाही.

मी एका छोट्या नर्सिंग होममध्ये लागले. तिथे बरीच वर्षं काढली. एक दिवस बाळंतपणासाठी चिरगाँवहून एक मुलगी आली. तिची आई सोबत होती, पदर डोळ्यांपर्यंत. मी तिला ओळखलं नाही. बाप बाहेर बाकावर बसला होता, उजवा हात गमछ्याखाली. त्याला मी ओळखलं.

मुलगी सुखरूप मोकळी झाली. मी बाहेर येऊन त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. मी बाकावर बसले. विचारलं, गेटवरची नोकरी कशी चाललीय.

“कहाँ, सिस्टर जी. साब गए, उसके बाद नए साब आए. गेट पे कंपनी वाली सिक्योरिटी लगा दी, वर्दी वाली. हमसे बोले, तुमसे डंडा पकड़ते नहीं बनता.”

“पक्की नौकरी का वचन दिया था ना?”

“साब ने दओ तो. साब चले गए.”

मग जे इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. हिंदीतच विचारलं, “उस दिन झूठ क्यों बोले? मैं तो आपके लिए ही बोली थी.”

तो माझ्याकडे वळला. रागाने नाही. एखाद्या लहान मुलाला समजावतात तसा म्हणाला, “आपको सच बोलना था, आपने बोल दिया. आपका काम हो गया. हमें तो दूसरे दिन भी खाना था.”

माझ्या तोंडावर आलेलं उत्तर हे होतं की नोकरी तर माझीही गेली, घर तर माझंही ओस पडलं. पण त्याच्या हाताकडे बघून ते बोलवेना. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. मॅनेजरचा येतो त्याहून वेगळा, जास्त बोचरा. मॅनेजरने जे केलं ते त्याच्या जागेला शोभणारं होतं. या माणसासाठी मी उभी राहिले आणि त्याने मला उघडं पाडलं, आणि तरी तो बरोबर बोलत होता.

जाण्याआधी त्याने विचारलं, “यहाँ चौकीदार की जगह है का? रात की होय तो भी चलेगी.”

मी डॉक्टरांकडे गेले. जागा होती. मी म्हटलं, ओळखीचा माणूस आहे, इमानदार आहे. डॉक्टर बाहेर आले, त्याच्याशी दोन शब्द बोलले, गमछा बाजूला झाला तेव्हा त्यांनी हात पाहिला. आत येऊन मला म्हणाले, “सिस्टर, माणूस चांगला आहे हो. पण रात्री काही झालं तर? आपल्यावर जबाबदारी येईल.”

डॉक्टर नागपूरकडचे होते, मराठी बोलायचे. मी बाहेर जाऊन त्याला हिंदीत सांगितलं, जागा भरली आहे.

“हओ,” तो म्हणाला, आणि नातवाला बघायला आत गेला.